पुस्तके कोणी निवडावी?

व्याख्यान संपले की वक्त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आम्ही काय वाचावे, ते सांगा.’ वक्ता आपल्या आवडीची आठदहा नावे सांगतो, कोणीतरी ती वहीच्या मागच्या पानावर टिपून घेतो आणि मंडळी घरी जातात. ती नावे वाईट असतात असे नव्हे. परंतु त्यांत कोणते विषय आले, कोणते राहिले, आणि राहिले ते का राहिले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मराठीत ग्रंथांची निवड कोणी केली, कशी केली आणि त्या निवडीच्या चाळणीतून काय निसटून गेले, याला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय शीव कोळीवाड्यात मांडावा यालाही कारण आहे. शीव म्हणजे हद्द. एके काळी इंग्रजांची मुंबई येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे; टेकडीवरचा पडका किल्ला त्याच हद्दीच्या राखणीचा. येथे मूळची वस्ती कोळ्यांची. १९४७ नंतर पंजाब-सिंधकडून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या येथे उठल्या. पुढे त्यांच्या वसाहती झाल्या आणि रेल्वेचे कोळीवाडा स्टेशन आज गुरू तेगबहादूर नगर या नावाने ओळखले जाते. जवळच माटुंग्याचा लेबर कॅम्प, पलीकडे परळ-लालबागची गिरणगावची वस्ती. अशा ठिकाणी एखादे वाचनालय काढावयाचे तर त्याच्या दोन कपाटांत कोणती पुस्तके ठेवावी? एकाला दर्या माहीत, एकाला साचा माहीत, एकाच्या आजीच्या तोंडी अजून गुरुमुखीतले शब्द. ‘उत्तम ग्रंथांची यादी’ नावाचा कागद येथे फार पुरा पडत नाही.

छापखाना आला तेव्हापासून निवडीचे दोन मार्ग दिसतात. एक शिक्षकाचा, दुसरा बाजाराचा. मुंबईत १८२२ च्या सुमारास शाळा आणि शालोपयोगी पुस्तके यांसाठी जी सोसायटी स्थापन झाली तिने गणित, भूमिती, भूगोल, नीतिकथा अशी पुस्तके करवून घेतली. सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ चे. मूळ लेखक फ्रेंच, बापूंनी ते इंग्रजीवरून मराठीत आणले. मुलांनी काय वाचावे हे तेव्हा सोसायटीने ठरविले आणि मुलांनी ते वाचले. दुसरे काही हाताशी नव्हतेच. बाजाराचा मार्ग गणपत कृष्णाजींचा. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या या भंडारी गृहस्थाने स्वतःचा शिळाछाप घातला आणि १८३१ साली पंचांग छापले. छापील पंचांग लोक हाती धरतील की नाही याची धास्ती होती. शाईत चरबी असते असा समज असल्याने त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. लोकांनी पंचांग घेतले. विद्वानांच्या कोणत्याही यादीत पंचांग बसावयाचे नाही, पण मराठी घरात छापील कागद पोहोचला तो पंचांगाच्या पाठीवर बसून, हे आम्हांस विसरता येत नाही.

यानंतरचा टप्पा मोठा आहे आणि त्यावर थोडे थांबणे भाग आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. राज्य गेले तरी इंग्रजांनी तो खर्च काही प्रमाणात चालू ठेवला. १८४९ मध्ये पुण्यातील काही सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशातील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा, मग तो लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. लोकहितवादी या मंडळींत होते. शास्त्रीमंडळी खवळली. त्या गडबडीत अर्जदारांच्या पाठीशी आपली माणसे घेऊन उभे राहिले ते जोतीराव फुले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सरकारने अर्ज मानला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

कमिटीने पुष्कळ चांगले काम केले हे प्रथम सांगितले पाहिजे. मराठी गद्याला तेव्हा आश्रयदाता नव्हता. राजेरजवाडे कवीला शालजोडी देत, गद्यलेखकाला कोण विचारतो? बक्षिसाच्या आशेने कित्येकांनी लेखणी हातात धरली. पण कमिटी म्हटली की परीक्षक आले, आणि परीक्षक म्हटला की त्याची इयत्ता आली, जात आली, भाषेची सोवळ्याओवळ्याची कल्पना आली. १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे एक नाटक लिहून कमिटीकडे पाठविले. एका गरीब कुणबी जोडप्याला जोशीबुवा कसा नाडतो आणि अक्षरओळख झाली तर तेच जोडपे कसे सावध होते, असा त्याचा विषय. कमिटीने ते घेतले नाही. पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) स्वतः फुल्यांनीच याची हकिकत दिली आहे : भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि आपण ते पुस्तक एका बाजूस टाकून दिले.

ज्या कमिटीच्या जन्मासाठी जोतीराव शास्त्र्यांच्या रोषासमोर उभे राहिले, तिनेच चार वर्षांत त्यांचे हस्तलिखित परत केले. हे नाटक छापून लोकांसमोर आले केव्हा? १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’च्या अंकात. लिहिल्यापासून १२४ वर्षांनी. मराठी नाटकाचा इतिहास सांगणारांच्या कितीएक पिढ्या या नाटकाचा पत्ता न लागता इतिहास सांगत राहिल्या. त्यांचा दोष नाही. जे समोर ठेवलेच नाही त्याची निवड कोण करणार?

कमिटीतील माणसे दुष्ट होती असे आम्ही म्हणत नाही. आपल्या समजुतीप्रमाणे त्यांनी ‘उपयुक्त’ आणि ‘अनुपयुक्त’ अशी वाटणी केली. अडचण ही की, त्या सर्वांची समजूत एकाच पेठेतली होती.

असाच काहीसा प्रकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या बाबतीत घडला. १८७४ ते १८८१ पर्यंत ‘निबंधमाले’चे चौऱ्याऐंशी अंक निघाले. त्यांत वाचनावर एक निबंध आहे, ग्रंथांवर टीका कशी करावी यावरही आहे. पुस्तक हाती घेऊन ते तोलून पाहावे, छापलेले सर्वच पूज्य नव्हे, ही सवय मराठी वाचकाला लावण्यात शास्त्रीबुवांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या आधी १८६७ पासून मुंबईत ‘विविधज्ञानविस्तार’ निघत होता. रामचंद्र भिकाजी गुंजीकर त्याचे संपादक. हे मासिक १९३७ पर्यंत चालले आणि पुस्तकपरीक्षणाला त्याने सातत्याने जागा दिली. या दोघांनी मिळून आपल्याला समीक्षा शिकविली असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु त्याच ‘निबंधमाले’त फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला गेला तो मुख्यतः त्यांच्या व्याकरणाची खिल्ली उडवून. एवढा कुशाग्र वाचक, आणि पुस्तकातील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्याच्या नजरेतून सुटले, ऱ्हस्वदीर्घ तेवढे दिसले! निवडणाऱ्याची बुद्धी तीक्ष्ण असली म्हणजे निवड चांगली होतेच, असा भरवसा देता येत नाही.

दरम्यान सामान्य वाचक आपले आपण निवडतच होता. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुत कादंबऱ्या विद्वानांनी नाके मुरडली तरी लोकांनी हौसेने वाचल्या. आज त्या वाचवत नाहीत हे खरे. पण मराठी कादंबरीचा इतिहास लिहावयास बसले की पहिल्याच पानावर त्यांची गरज पडते.

आता एक चमत्कारिक गोष्ट. मराठी पुस्तकांची पुरी मोजदाद करण्याची कल्पना आपल्या विद्वानांच्या आधी सरकारला सुचली, आणि ती वाङ्मयप्रेमाने सुचली असे नाही. सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंत मुंबई इलाख्यात छापलेल्या देशी पुस्तकांची यादी तयार केली. तीत मराठी पुस्तके सहाशेहून अधिक भरली. पुढे १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारात करणे सक्तीचे झाले. सत्तावनच्या बंडाची आठवण ताजी होती. कोण काय छापतो यावर सरकारची नजर राहावी हा हेतू लपून राहण्यासारखा नव्हता. नोंद करणाऱ्या कारकुनाला पुस्तक चांगले की वाईट याच्याशी कर्तव्य नव्हते. लावणीचे चार आण्यांचे चोपडे असो की वेदान्ताचा जाडजूड ग्रंथ असो, त्याने दोन्ही उतरवून घेतले. या नोंदींवरून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर आपले टिपण लिहिले. कोणत्या विषयात मराठी भरली आहे, कोणत्या विषयात रिती आहे, भाषांतरे किती, स्वतंत्र किती, असा तो हिशेब आहे. चार उत्तम पुस्तके निवडून त्यांची स्तुती करणे रानड्यांना सहज जमले असते. त्यांनी आधी सगळे मोजले. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा पाया १८७५ मध्ये घालणारे रानडे हेच. ऐकणाऱ्याला नुसते तोंडी मत देऊन पाठवू नये, त्याच्यापुढे हिशेब ठेवावा, ही त्यांची रीत दोन्हीकडे दिसते.

त्याच रानड्यांनी ग्रंथकारांची सभा भरविली होती, आणि १८८५ च्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले हेही सर्वश्रुत आहे. ज्यांना शूद्रादि-अतिशूद्रांच्या हक्कांविषयी मनापासून कळकळ नाही त्यांच्या सभेत आमचे काय काम, असा त्या पत्राचा आशय. तीस वर्षांपूर्वी परत आलेल्या नाटकाचा सल त्यामागे असेलही. आम्हांस तसे वाटते. फुल्यांनी तसे म्हटलेले नाही.

रानड्यांचे टिपण झाले त्याच साली, म्हणजे १८९८ मध्ये, १ ऑगस्टला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. पाच वर्षे आधी, १८९३ मध्ये, ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले होते. मुंबईकरांनी तो कित्ता गिरविला. या दोन्ही नावांतला ‘संग्रह’ हा शब्द आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तोवरच्या लायब्रऱ्या साहेबांच्या किंवा साहेबी शिकलेल्यांच्या असत, आणि त्यांत मराठी पुस्तक एखाद्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेले असे. या नव्या संस्थांनी उलट पवित्रा घेतला. मराठीत छापलेले जे जे मिळेल ते ते गोळा करावयाचे. चांगले-वाईट पुढचे लोक ठरवतील.

आजही दादरच्या मुख्य संग्रहालयात संदर्भ विभागात बसून जुनी पुस्तके मागविता येतात. पान उलटताना कड हाताशी तुटून येते, कसरीने मधोमध भोक पाडून ठेवलेले असते. कसर ही सर्वांत जुनी परीक्षक. तिच्यापुढे ‘उपयुक्त’ व ‘अनुपयुक्त’ हा भेद नाही. पण ज्या पुस्तकांना त्यांच्या काळात कोणी उत्तम म्हटले नाही, अशी पुस्तके तेथे मिळतात.

सर्व ठेवल्याने काय साधते याची उदाहरणे द्यावयाची तर दोन पुरेत. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे १८६३ चे पुस्तक. या शहरातील बाजार, देवळे, कारखाने, लोकांचे पेहराव, खाणेपिणे, सण, भाव सर्व काही त्यात आहे. मुंबईवर मराठीत इतके तपशीलवार त्याआधी कोणी लिहिले नव्हते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते दुर्मिळ होऊन बसले आणि न. र. फाटकांच्या संपादनाने १९६१ मध्ये वाचकांस पुन्हा मिळाले. दुसरे ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’, १८८२ चे. पुरुष स्वतः करतो त्या सर्व गोष्टींचा दोष बाईच्या माथी कसा मारतो, हे एवढ्या तडफेने त्या काळी कोणी लिहिले नव्हते. फुल्यांनी त्याची बाजू घेतली, बाकीच्यांनी ते बाजूस सारले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत त्याचे नावही फार थोड्यांस ठाऊक होते. कोठेतरी एक प्रत शिल्लक होती म्हणून हे घडू शकले. त्या प्रतीला कोणी ‘निवडले’ नव्हते. तिला कोणी टाकून दिले नाही, एवढेच.

या सगळ्या पसाऱ्याला वाट दाखविली ती शंकर गणेश दाते यांनी. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची विषयवार सूची त्यांनी केली, मग १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ मध्ये पुरा केला. दोन्ही खंड मिळून पंचवीस हजारांहून अधिक ग्रंथ. हे काम सरकारने किंवा विद्यापीठाने करावयाचे. एका माणसाने आपल्या हिमतीवर गावोगावची ग्रंथालये पालथी घालून ते केले, आणि १९६४ मध्ये तो गेला. ‘दाते सूची’ म्हणून ती आज ओळखली जाते. ही सूची वाचावयाची वस्तू नव्हे असे पुष्कळांस वाटते. आमचे म्हणणे उलट आहे. ज्याला वाचनाची गोडी आहे त्याने एक दुपार तिची पाने चाळण्यात घालवावी. कथा, कादंबरी, नाटक, काव्य, धर्म यांच्या नोंदी पानेच्या पाने चालतात. यंत्रे, उद्योग, सृष्टिविज्ञान यांच्या नोंदी भराभर संपतात. आपण काय लिहिले आणि काय लिहावयाचे राहिले, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसावयाचे नाही. कोळीवाड्यातील वाचकाने तीत मासेमारी, होडीबांधणी, वारा आणि भरतीओहोटी यांवरची मराठी पुस्तके शोधून पाहावी. जे थोडके सापडेल ते वाचनालयात आणावे.

येथवर आम्ही संग्रहाची बाजू मांडली. पण दादरचे संग्रहालय सर्व ठेवू शकते. दोन कपाटांचे वाचनालय ठेवू शकत नाही, आणि एका माणसाच्या आयुष्यात तर पंचवीस हजार ग्रंथ मावत नाहीतच. कोणीतरी निवडून हाती दिले पाहिजे. मग ते कोणी? या प्रश्नाचे आमच्या माहितीतील सर्वांत चांगले उत्तर परळच्या एका खोलीत आणि चर्नी रोडच्या बागेत सापडते.

सुभेदार रामजी आंबेडकर लष्करातून निवृत्त होऊन मुंबईस आले ते परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. धाकट्या मुलाला पुस्तकांचे वेड. चरित्रकार लिहितात की, त्याने पुस्तक मागितले आणि घरात पैसे नसले म्हणजे सुभेदार मुलीकडे जात, तिचा दागिना सावकाराकडे ठेवीत, पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की दागिना सोडवीत. सुभेदारांची स्वतःची निवडही ठाम होती. मुलांनी रोज रामायण-महाभारताचा काही भाग वाचलाच पाहिजे. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेल्या एका प्रस्तावनेत याची हकिकत आहे. त्यांनी वडिलांना विचारले, ज्या ग्रंथांत आपल्याला कमी लेखले आहे ते आम्ही का वाचावे? सुभेदारांनी दिलेले उत्तर या वस्तीत सांगण्यासारखे आहे. ते म्हणाले, आपण अस्पृश्य. तुमच्या मनात न्यूनगंड शिरू नये म्हणून वाचा. द्रोण पाहा, कर्ण पाहा, लहान जागेवरून केवढे वर चढले. वाल्मीकी पाहा, तो कोळी होता, आणि त्याने रामायण लिहिले.

मुलाचे समाधान झाले नाही. त्याला महाभारतातील एकही पात्र पटले नाही आणि त्याने तसे वडिलांस सांगितले. आम्हांस या प्रसंगात बापाची निवड चुकली असे वाटत नाही. त्याने कारण सांगून पुस्तक दिले आणि मुलाला ते नाकारू दिले. दक्षिणा कमिटीने ‘तृतीय रत्न’च्या कर्त्याला एवढीही सवलत दिली नव्हती.

त्याच सुमारास चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर हा मुलगा वाचीत बसे. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकरांची त्याच्यावर नजर गेली. केळुसकर (१८६०–१९३४) शिक्षक, चरित्रकार. तुकारामांचे आणि शिवाजी महाराजांचे चरित्र त्यांनी लिहिले, आणि १८९८ मध्ये गौतम बुद्धाचे. मुलगा परीक्षा उतरला तेव्हा त्याच्या समाजाने सत्काराची सभा भरविली, तीत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. परीक्षा कोणती याविषयी एकमत नाही. चरित्रकार १९०७ चे मॅट्रिक सांगतात, स्वतः बाबासाहेब त्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथी सांगतात. पुस्तक कोणते याविषयी मात्र मतभेद नाही. ते वाचून आपण भारावून गेलो आणि वडिलांनी आपल्याला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही असा प्रश्न मनात आला, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. पुढे १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जे घडले त्याचे सारे श्रेय एका पुस्तकाला देणे भाबडेपणाचे होईल. पण त्या रस्त्यावरचा एक दिवा केळुसकरांनी लावला होता, हे खुद्द चालणाऱ्यानेच सांगून ठेवले आहे.

केळुसकरांनी ‘शंभर उत्तम ग्रंथां’ची यादी केली नाही. एक मुलगा आधी काय वाचतो ते त्यांनी पाहिले, त्याच्याशी बोलले, आणि मग एक पुस्तक दिले. वाचनालयातील ग्रंथपालाचे काम याहून वेगळे नाही, असे आमचे मत आहे. आपल्याकडे १९६७ मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, वाचनालयांना वर्ग मिळाले, अनुदान मिळू लागले, शासनमान्य ग्रंथांची यादी निघू लागली. या सोयींमुळे कित्येक गावांत कपाटे भरली. पण यादीवरून एकगठ्ठा पुस्तके उचलणे सोपे, आणि दाखल-नोंदवही भरली की तपासनीस खूष. मग तळच्या फळीवर अशी पुस्तके दिसतात की ज्यांची पाने दहा वर्षांत कोणी फाडून मोकळीसुद्धा केलेली नाहीत. समोरच्या टपरीवर बसणारा, गिरणी बंद पडल्यावर रखवालदारी करणारा, पापलेट विकून आलेली मावशी, यांना काय हवे आहे हे कोणी विचारलेले नसते. पुष्कळ वाचनालयांत मागणीची वही असते खरी. ती दोरीने टेबलाला बांधलेली असते आणि तिच्यातली शाई जुनी असते.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेल्या दोन माणसांची नावे येथे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही : अण्णाभाऊ साठे आणि बाबूराव बागूल. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ला (१९५९) राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ १९६३ चा. परळच्या गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ त्याच्या आदल्याच वर्षीचा. कमिट्यांच्या चाळणीखाली जो वर्ग शतकभर राहिला, त्यातूनच हे लेखक वर आले. शीव कोळीवाड्याच्या कपाटात ही तीन पुस्तके पहिल्या फळीवर असावी. हा वस्तीचा अभिमान झाला. पण त्यांच्या शेजारी माडगावकरांची मुंबई असावी, ताराबाई असाव्या, पंजाबी व सिंधी कथांची मराठी भाषांतरे असावी, डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या दुखण्यांवर समजेल अशा भाषेत लिहिलेले एखादे पुस्तक असावे, सहकारी सोसायटीचा कायदा असावा, आणि ‘मंजुघोषा’सुद्धा असण्यास आमची हरकत नाही. ज्याला एक कादंबरी आवडली त्याला दुसरी द्यावी, हे ठीक. पण तिसऱ्या वेळी त्याच्या हाती एखादे चरित्र ठेवून पाहावे आणि चौथ्या वेळी समुद्रावरचे एखादे पुस्तक. परत आणून देताना तो काय म्हणतो ते ऐकावे.

आता बाबासाहेबांच्या त्या प्रस्तावनेविषयी दोन शब्द राहिले. ती त्यांनी ६ एप्रिल १९५६ या तारखेने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या आपल्या ग्रंथासाठी लिहिली होती. सुभेदारांचे रामायण, वाल्मीकी कोळी आणि केळुसकरांची भेट हे सर्व तीत आहे. डिसेंबरात ते गेले. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. ती पाने कोणीतरी जपून ठेवली होती. १९८० मध्ये भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावनांचे पुस्तक काढले त्यात ती छापून आली.